वजनकाट्याला न दिसणारी भूक

मुलाला कर्करोग झाल्याचे कळले की घरातले सारे बोलणे औषधे आणि खर्च यांभोवती फिरू लागते. पोटात अन्न किती जाते, हा प्रश्न मागे पडतो. 'वजन तर ठीक आहे ना!' म्हणून आपण समाधान मानतो. पण पोटात वाढलेली मोठी गाठही काट्यावर वजनातच धरली जाते. अंगावर सूज चढली तरी काटा पुढेच सरकतो. मूल मात्र झिजत असते.

दंड सहसा असा फसवत नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयात हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण मानतात. मोठ्या मुलांसाठी वयानुसार तक्ते आहेत.

हा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की कुपोषित मुलाला केमोथेरपी सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर गाठतो, उपचार लांबतात. २०१३ पासून मुंबईची कडल्स फाउंडेशन रुग्णालयांना आहारतज्ज्ञ पुरवत आली आहे. काम मोलाचे आहे. पण मुलाचे पोषण देणगीदारांच्या मर्जीवर का राहावे? परिचारिकेइतकेच आहारतज्ज्ञाचे पदही सरकारी कर्करोग विभागात कायमचे हवे.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, 'याचा दंड मोजला का?' आणि दर भेटीला पुन्हा विचारावे. पट्टीला पैसे फारसे पडत नाहीत. न मोजल्याची किंमत मूल मोजते.