शिरोरेघ सांभाळा, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, रात्री सोलापूर गाठायचं आणि रविवारी पुन्हा बॅग भरायची... अशी लाईफ जगणारे आयटीवाले तुमच्याही ओळखीत असतीलच. माझा एक कॉलेजमित्र त्यातलाच. परवा शनिवारी त्याचा फोन आला, तोच वैतागलेला. "अगं, दुकानाची वेबसाईट लाईव्ह केली. दोन महिने रात्री जागून! आणि बाबा म्हणतायत, बंद कर ते."

त्याच्या बाबांचं चादर-टॉवेलचं छोटंसं दुकान आहे. सोलापुरी चादरीला जीआय मिळालंय, मग आपल्या दुकानाला निदान वेबसाईट तरी हवी, हा चिरंजीवांचा हट्ट. मी तडक त्याच्या घरी धडकले. (कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळणार, हेही एक कारण!) काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "पोरी, तुला तरी वाचता येतंय का बघ."

खरं सांगते, मलाही जड जात होतं. दुकानाच्या नावातली अक्षरं भांडण झाल्यासारखी लांब लांब उभी. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आपटलेले. काका शांतपणे म्हणाले, "आमचा बोर्ड रंगवणारा पेंटर वरची रेघ एका दमात ओढायचा. तुम्ही तर ती तोडूनच टाकली की रे."

गुन्हेगार कोण? मित्राने वापरलेलं रेडीमेड टेम्प्लेट. दिसायला सॉलिड, पण कापलेलं, शिवलेलं इंग्रजीच्या मापाने. फंडा सोपा आहे. जेकार्ड मागावर कोणता उभा धागा उचलायचा, हे पंच केलेली कार्डं ठरवतात. सूत तेच ठेवून कार्डं बदलली, की नक्षी बदलते. ही युक्ती १८०४ सालच्या फ्रान्समधली. १९९६ साली प्रमाण म्हणून आलेली सीएसएस, म्हणजे आपली स्टाईलशीट, तेच करते. मजकूर तोच, रूप वेगळं. फक्त कार्ड चुकीचं लावलं, की नक्षी बिघडते. इथे नेमकं तेच झालं होतं.

मग आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. तुम्हीही मराठी साईट करत असाल, तर हे पाच उपाय कामाचे आहेत.

पहिला, लेटर-स्पेसिंग. इंग्रजी शीर्षकात अक्षरं जरा सुटी केली की स्टायलिश वाटतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य. नो कॉम्प्रोमाईज! इटॅलिकही टाळा. देवनागरी फॉन्टला बहुधा इटॅलिक नसतंच, मग ब्राऊझर अक्षरं जबरदस्तीने कलंडवतो. जोर द्यायचाय? वजन वाढवा, नाहीतर रंग बदला.

दुसरा, लाईन-हाईट. इंग्रजीचं १.२ मराठीला पुरत नाही. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा-वेलांट्या आणि पायाशी उकार असतात. १.६ ते १.८ ठेवा, आणि आकड्यापुढे पिक्सेल लिहू नका, म्हणजे फॉन्ट मोठा केला की ओळीही आपोआप मोकळ्या होतात. बटणाला ठरावीक उंची देण्याऐवजी पॅडिंग द्या. नाहीतर 'खरेदी करा'ची वेलांटी कापली जाते.

तिसरा, फॉन्ट. टेम्प्लेटच्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच! अशा वेळी ब्राऊझर त्या मशीनवर जो फॉन्ट सापडेल तो उचलतो. त्यामुळे मित्राच्या लॅपटॉपवर एक रूप आणि काकांच्या मोबाईलवर दुसरंच. मुंबईच्या एक टाईपचा 'मुक्ता' किंवा गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' वापरा, दोन्ही फुकट आहेत. बोल्डची खरी फाईलही जोडा. ती नसली की ब्राऊझर साधं अक्षर नुसतं जाड करतो आणि जोडाक्षरांची पोटं बुजतात. फॉन्ट-डिस्प्लेला 'स्वॅप' दिलं, की नेट स्लो असलं तरी मजकूर आधी दिसतो, फॉन्ट मागून येतो.

चौथा, भाषा सांगा. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' असतं. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचं 'ईएन' होतं, आम्ही मराठीचं 'एमआर' केलं. फॉन्टमध्ये सोय असेल तर एवढ्यानेच मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसायला लागतो, नाहीतर हिंदी वळण गळ्यात पडतं. अंध व्यक्तींसाठी पान वाचणारं सॉफ्टवेअरही यावरूनच उच्चार ठरवतं. सोलापुरात तर हे हवंच हवं. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येणारं आपलं गाव! प्रत्येक भाषेच्या मजकुराला तिचा कोड द्या, आणि उर्दूला उजवीकडून डावीकडे जाणारी दिशाही.

पाचवा उपाय स्क्रिप्टचा. काकांनी ऑर्डरच्या फॉर्ममध्ये मोबाईल नंबर मराठी आकड्यांत भरला होता. फॉर्म म्हणाला, नंबर चुकीचा! जावास्क्रिप्टमधली आकडे तपासण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते. ग्राहकाला दटावण्यापेक्षा स्क्रिप्टनेच ० ते ९ आधी इंग्रजीत बदलून घ्यावेत आणि मग तपासावेत. उलट बाजूनं, किंमत दाखवताना 'इंटल नंबरफॉरमॅट'ला मराठी लोकेल दिलं, की सव्वा लाख आपोआप १,२५,००० असे उमटतात. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीचे!

आणि हो, नावं कापताना जपून. 'सोलापूर' आपल्याला चार अक्षरी दिसतं, पण जावास्क्रिप्टची लांबी सात सांगते, कारण काना-मात्रा ती वेगळ्या मोजते. पहिलं अक्षर घेऊन गोल लोगो बनवणाऱ्या स्क्रिप्टने 'सोलापूर'चा नुसता 'स' केला होता! 'इंटल सेगमेंटर' वापरलं, की काना-मात्रेसकट 'सो' हाती येतो. सगळ्या प्रमुख ब्राऊझरांमध्ये ही सोय २०२४ पासून आहे.

संध्याकाळ झाली. मित्राने धडधडत्या छातीने मोबाईल पुन्हा बाबांपुढे धरला. काकांनी चष्मा चढवला. नाव वाचलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बोटाने पान वर सरकवलं, आणखी सरकवलं आणि कपाळाला आठी पडली.

"हा टॉवेलचा रेट जुना आहे. आधी तो बदल!"

मित्राने माझ्याकडे बघून डोळा मारला. काका वाचत होते, बॉस!