मिठीच्या गाळाचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत एक वाक्य हमखास कानावर पडते. 'झोपडपट्टीवाल्यांनी नदी-नाले तुंबवले, म्हणून शहर बुडते.' कचेरीत, लोकलमध्ये, बसच्या रांगेत सगळीकडे हेच. आपली शिकलेली मुलेही आता त्यावर मान डोलावू लागली आहेत. वाचकहो, हिशेब मांडायचा तर जमा आणि खर्च या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. आज मिठी नदीचा हिशेब तसा पाहू या.

विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्यांचे जादा पाणी मिठीत येते. साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असे सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. कुर्ला, कलिना, बैलबाजार या भागांत एका दिवसात संसार वाहून गेले.

एवढा पाऊस कोणतेही शहर सहज पचवू शकत नाही, हे खरे. पण नदीला वाट तरी कुठे ठेवली होती? विमानतळाचा विस्तार झाला तेव्हा मिठीला काटकोनात वळवून धावपट्टीखालून काढले. वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले ते खाडीकाठच्या दलदलीवर आणि तिवरांवर भराव घालून. भरतीचे पाणी आत शिरले की ते सामावून घेणारी जागा हीच होती. काठावरच्या कारखान्यांनी तेल, रसायने आणि भंगार पात्रात सोडले. झोपड्याही काठावर आल्या, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांनी हे शहर बांधले, त्यांच्यासाठी कामाजवळ परवडणारे घर शहराने कधी ठेवलेच नाही. पुरानंतर शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. भराव आणि पात्रातले अडथळे यांच्याकडे तिनेही बोट दाखवले. मात्र बुलडोझर आधी फिरला तो झोपड्यांवर. काचेच्या इमारती जागच्या जागी राहिल्या.

आता खर्चाची बाजू. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता ५० वर नेण्याची योजना १९९३ सालच्या अहवालात मांडली गेली. म्हणजे २००५ च्या पुराआधी पुरी बारा वर्षे! त्यानंतरही पाणी उपसणारी काही केंद्रे झाली, पण कुर्ला-चेंबूर भागाला दिलासा देणारे माहुलचे केंद्र वर्षानुवर्षे रखडले. मिठीतला गाळ काढण्यावर तर दरवर्षी कोट्यवधी रुपये खर्च झाले. याच कामात ६५ कोटींहून अधिक रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण गाळ किती निघाला, कुठे टाकला, हे विचारण्यासाठी आपण न्यायालयाच्या निकालाची वाट का पाहावी?

ज्या वर्षी पूर आला, त्याच २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. दहा रुपये शुल्क आणि एक साधा अर्ज. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढेही शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्जात चारच गोष्टी विचारा. आपल्या भागातला नाला साफ करण्याचा ठेका किती रुपयांचा? गाळ किती टन? वजनकाट्याच्या पावत्या कुठे आहेत? गाळ टाकलेली जागा कोणती? महिला मंडळातल्या दहावी झालेल्या मुलीलाही हा अर्ज लिहिता येईल. अर्ज मे महिन्याच्या आधी जावा, म्हणजे उत्तर पावसाच्या आत हाती येईल.

हिशेब विचारणाऱ्याने आपले घरही नीट ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी नाल्यात टाकली तर ती पहिल्यांदा आपल्याच उंबरठ्याशी परत येते. शिधापत्रिका, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंच फळीवर ठेवा. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, विशेषतः पायाला जखम असताना, तर लेप्टोचा धोका असतो. २४ ते ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. बाई गरोदर असेल किंवा मूल लहान असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ताप अंगावर काढू नका. पाणी वाढू लागले तर पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा आणि वेळीच उंच जागी जा.

शहर वाढणारच. पण त्याची किंमत दरवेळी नाल्याकाठच्या माणसानेच का मोजावी? यापुढे कुणी म्हणाले की झोपडीवाल्यांनी नदी बुजवली, तर भांडू नका. शांतपणे विचारा, 'विमानतळाने किती घेतली? संकुलाने किती घेतली? आणि गाळाच्या पावत्या कुठे आहेत?'