अंगदुखीची गोळी आणि कोरडे पडलेले अंग

मार्चमधला दुसरा गुरुवार २००६पासून जगभर मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. पिंपळगाव बसवंतला हाच काळ द्राक्षांच्या ऐन तोडणीचा. सुरगाणा-पेठकडून आलेल्या बाया दिवसभर मांडवाखाली मान वर करून घड खुडतात; बाजार समितीत हमाल कांद्याच्या गोण्या वाहतात. संध्याकाळी मेडिकलवर मागणी एकच : 'अंगदुखीची गोळी द्या.' चिठ्ठी कुणी मागत नाही, बीपी-शुगर कुणी विचारत नाही.

दुखणे खरे आहे आणि गोळीने आराम पडतो, हेही खरे. एखाद-दुसऱ्या गोळीने धडधाकट माणसाचे सहसा काही बिघडत नाही. पण घामाने अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या रुंद ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी तीच अडवतात. सोबत रक्तदाबाची काही औषधे किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल, तर धोका आणखी वाढतो. मूत्रपिंड दुखून काही सांगत नाही. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाचे निम्मे काम थांबलेले असू शकते.

डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन देशभरातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, तेव्हा २००६मध्ये सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, म्हणून माणसांसाठी ते राहिले. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ तेच बजावते. ती पाळणे औषध विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

मात्र सगळा भार मेडिकलवाल्यावर टाकून चालणार नाही. बागेत आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणारी बाई संध्याकाळी गोळी घेते, तेव्हा होणाऱ्या इजेत बागेचाही वाटा असतो. निर्यातीच्या द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश राहू नये म्हणून आपण प्रयोगशाळा गाठतो. ते घड खुडणाऱ्यांसाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, दुपारची विश्रांती आणि हंगामात एकदा क्रिएटिनिनची तपासणी, एवढे बागायतदारांनी आणि बाजार समितीने याच हंगामात करावे. वेळीच गोळी थांबली तर अशी इजा बऱ्याचदा भरून येते. उशीर झाला तर वाट्याला येते डायलिसिस. आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घराला आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवणे परवडत नाही.