नेत्रात भिंग बसविण्यापूर्वी



खामगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. कन्येचे वय २३, शिक्षण पूर्ण, पुण्यास नोकरी. दोन्ही डोळ्यांना उणे ९ च्या पुढचा चष्मा. लेसर शस्त्रक्रियेसाठी तपासणी केली असता पारपटल पातळ असल्याने ती करता येणार नाही, मात्र डोळ्याच्या आत भिंग बसविता येईल, असे तिला सांगण्यात आले. ‘हे करावे काय, आणि करावयाचे तर विवाह ठरण्यापूर्वीच उरकावे काय?’ असे त्या भगिनी विचारतात. पत्र एका घराचे असले, तरी प्रश्न चिखली, मलकापूर, देऊळगाव राजा अशा अनेक गावांतील घरांचा आहे. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते समजून घेऊ. ज्याला आपण ‘मायनस नंबर’ म्हणतो, त्यात बहुधा नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब झालेला असतो. लांबी एक मिलीमीटरने वाढली, तर चष्मा साधारणतः अडीच ते तीन नंबरांनी वाढतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते व दूरचे अंधुक दिसते. लेसर शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, काही भाग घासून त्याचा आकार बदलतात. हे पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असते आणि दर एका नंबरामागे त्यातील सुमारे १२ ते १६ मायक्रॉन थर खर्ची पडतो. नंबर मोठा आणि पटल पातळ असेल, तर हा हिशेब जुळत नाही.

अशा वेळी दुसरा मार्ग सुचविला जातो. पारपटलाच्या कडेशी सुमारे तीन मिलीमीटरचा छेद घेऊन एक घडी केलेले, अतिशय पातळ भिंग आत सोडतात. ते रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे जाऊन उलगडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. येथे नैसर्गिक भिंग जागेवरच राहते. थेंब घालून डोळा बधिर करतात आणि एका डोळ्याचे काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

डोळ्यात परकी वस्तू कशी टिकते, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडले. लढाऊ विमानांच्या छताच्या ॲक्रिलिक पदार्थाचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही दाह करीत नाहीत, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग मानवी डोळ्यात बसविले. नैसर्गिक भिंग न काढता त्याच्या पुढे भिंग ठेवण्याची विद्या त्यानंतर हळूहळू घडली. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या ‘आयसीएल’ या भिंगास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये मान्यता दिली. पुढे त्याच्या मध्यभागी ०.३६ मिलीमीटरचे छिद्र ठेवण्यात आले, त्यामुळे डोळ्यातील द्रव खेळता राहतो आणि पूर्वी आधी करावे लागणारे लेसरचे छिद्र टळते.

फळ काय मिळते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. उणे ८, उणे १२ अशा नंबरांच्या व्यक्तीला उशाशी ठेवलेला चष्मा चाचपल्याविना अंथरुणातून उठता येत नाही. जाड काचांतून वस्तू लहान दिसतात, कडेचे दृश्य वाकडे होते. आपल्याकडील उन्हाळ्याच्या धुळीत कॉन्टॅक्ट लेन्स सर्वांना सोसत नाही. अशा व्यक्तीला योग्य तपासणीनंतर हे भिंग बसविले, तर पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसू लागते. ही सोय लहान नाही. तिची इच्छा धरणाऱ्याला ‘नटण्याची हौस’ म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल.

परंतु या शस्त्रक्रियेने चष्मा जातो, डोळ्याचा मूळ विकार जात नाही. नेत्रगोल लांबच राहतो. ताणलेल्या दृष्टिपटलाला भोक पडण्याचा, ते सुटण्याचा धोका भिंग बसविल्यावरही तसाच असतो. म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दरवर्षी करावीच लागते. चष्मा गेल्याच्या आनंदात ही तपासणी सोडून देणे, हा या प्रकरणातील मोठा धोका आहे.

दुसरी गोष्ट वयाची. चाळिशीनंतर जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो, तो या भिंगानंतरही लागेल. उलट मोठ्या उणे नंबराच्या माणसाला चष्मा काढून अगदी जवळचे बारीक पाहता येते, ते सुख मात्र जाते. खामगावच्या चांदीच्या बाजारात नक्षीवर डोळा रोखून काम करणाऱ्याने याचा विचार आधीच करावा.

उघड बोलले पाहिजे असे धोकेही आहेत. भिंग व नैसर्गिक भिंग यांतील अंतर फार कमी राहिले, तर अकाली मोतीबिंदू होऊ शकतो. फार जास्त झाले, तर द्रवाची वाट अडून डोळ्याचा दाब वाढतो. पारपटलाच्या आतील थरातील पेशी एकदा गेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत, त्यांची संख्या कमी होऊ शकते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाल्यास तो गंभीर असतो. भिंग काढता येते, हे खरे. पण काढणे म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया.

म्हणून पात्रतेच्या कसोट्या कडक आहेत. वय २१ च्या पुढे असावे, नंबर किमान एक वर्ष स्थिर असावा, डोळ्याच्या पुढील कप्प्याची खोली साधारणतः २.८ ते ३ मिलीमीटरहून कमी नसावी, पेशींची संख्या वयानुरूप पुरेशी असावी. काचबिंदू असल्यास, तसेच गरोदरपणी व बाळ अंगावर पीत असता, ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. मोजमापापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा मापे चुकतात. भिंगाचे आकारमान या मापांवरच ठरते. नंबर लहान असून लेसर शक्य असेल, किंवा चष्म्याचा काही त्रासच नसेल, तर डोळा उघडण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता अशा विषयाकडे वळतो, जो रुग्णालयाच्या माहितीपत्रकात सहसा ठळक नसतो, पण आपल्या घरांना निर्णायक वाटेल. ‘आयसीएल’ ज्या पदार्थाचे बनते, त्याचे नाव ‘कॉलामर’. हा एका कृत्रिम बहुलकाचा आणि कोलॅजनचा संयोग आहे, आणि ते कोलॅजन डुकराच्या शरीरातून घेतलेले असते. प्रमाण अत्यल्प, एक टक्क्याहूनही कमी आहे, परंतु आहे. डोळ्याला हा पदार्थ मानवतो याचे श्रेय या कोलॅजनला दिले जाते.

आपण औषधाची कॅप्सूल घेताना तिचे आवरण जिलेटिनचे आहे काय, हे विचारतो. मग जे आयुष्यभर नेत्रात राहणार, त्याविषयी विचारणे अधिकच उचित. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी हिंसेचा विचार करावयास आपल्याला शिकविले आहे. जीव वाचविणाऱ्या औषधाचा प्रसंग निराळा. तेथे अनेक साधुजनांनी व श्रावकांनी आपापल्या विवेकाने मार्ग काढला आहे. येथे चष्मा हा निर्दोष पर्याय हाताशी आहे. म्हणून कसोटी थोडी कठोर असावी, असे मला वाटते.

सुदैवाने निवड कॉलामर आणि चष्मा या दोहोंपुरती नाही. आपल्या देशातच, वडोदऱ्याच्या केअर ग्रुपचे ‘आयपीसीएल’ आणि अहमदाबादच्या बायोटेक कंपनीचे ‘आयक्रिल फेकिक’ ही याच जागी बसणारी भिंगे ॲक्रिलिक जातीच्या पदार्थाची बनतात. खर्चही बहुधा कमी पडतो. दुसरी बाजूही सांगतो: कॉलामर भिंगाचा अनुभव अधिक वर्षांचा आणि त्यावरील अभ्यास अधिक विपुल आहे. शल्यचिकित्सक एखाद्या भिंगाचा आग्रह धरीत असतील, तर त्यामागे हा अनुभव असू शकतो. तेव्हा ‘माझ्या डोळ्याच्या मापास ॲक्रिलिक भिंग तितकेच योग्य आहे काय, आणि आपण अशी किती भिंगे बसविली आहेत?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात भरावयाच्या लेपाविषयीही विचारता येते. त्याचा एक प्रकार वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून बनतो. दुसरा प्रकार पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, आता जिवाणूंच्या साहाय्यानेही तयार होतो.

ज्यांच्या डोळ्यात कॉलामर भिंग आधीच बसले आहे, त्यांनी मन विषण्ण करून घेऊ नये. जे अजाणता झाले, त्यासाठी निरोगी डोळा पुन्हा उघडणे शहाणपणाचे नाही. घरातील इतरांनीही त्यांना बोल लावू नये.

राहिला विवाहाचा प्रश्न. स्थळ पाहावयास येणाऱ्यांना चष्मा दिसू नये म्हणून शस्त्रक्रिया करावयाची, हे कारण मला पटत नाही. चष्मा हा दोष नव्हे. शिवाय मोठा नंबर काही अंशी आनुवंशिक असतो. तो झाकून ठरविलेला संबंध पुढे मनःस्तापास कारण होतो. शस्त्रक्रिया झाली, तरी पूर्वीचा नंबर समोरच्या घरास सांगावा. आणि मुख्य म्हणजे, डोळे कन्येचे आहेत. तिला चष्म्याचा जाच होतो काय, कॉन्टॅक्ट लेन्स सोसते काय, धोके ऐकूनही तिचे मन ठाम आहे काय, हे तिलाच विचारावे. तिची इच्छा नसेल, तर आईवडिलांनी आग्रह करू नये; तिची इच्छा विचारपूर्वक असेल, तर अडवू नये. भिंगाच्या पदार्थाची माहितीही तिलाच द्यावी व निवड तिनेच करावी.

मुलगे पोलीस, रेल्वे वा सैन्यात जाण्याची तयारी करीत असतील, तर त्या भरतीचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत. काही सेवांत शस्त्रक्रिया झालेला डोळा अपात्र ठरतो.

खर्चाविषयी थोडे. दोन्ही डोळ्यांचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. सिलिंडर नंबर असल्यास आणखी वाढतो. आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबराच्या दृष्टिदोषाचा उपचार वगळलेला असतो. म्हणजे त्याहून मोठा नंबर असणाऱ्यांनी विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. कर्ज काढून, किंवा ‘आजच ठरविल्यास सवलत’ या बोलण्यास भुलून हा निर्णय घेऊ नये. डोळा काही पळून जात नाही.

आपल्या जिल्ह्यातून बहुधा अकोला, जालना, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा पुणे गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत व दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब तपासतात. समृद्धी महामार्गाने मेहकर, सिंदखेडराजाकडील लोकांचा प्रवास सोपा झाला असला, तरी त्या रात्री त्याच गावी मुक्काम करावा. रात्री डोळा ठणकू लागला, उलटी झाली, दृष्टी धूसर झाली, तर तातडीने दाखवावे लागते. पुढेही दरवर्षी त्या फेऱ्या जमतील काय, याचा हिशेब आधीच करावा.

व्रतस्थ मंडळींसाठी आणखी एक सूचना. पहिले काही दिवस औषधाच्या गोळ्या, काही आठवडे थेंब चालू असतात. डोळ्यात पाणी जाऊ द्यावयाचे नसते. म्हणून पर्युषणाचे उपवास किंवा अठाई करावयाची असेल, तर शस्त्रक्रिया त्याआधी पुरेसे दिवस वा नंतर ठेवावी. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसतील काय, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या मनाने औषध चुकवू नये.

खामगावच्या भगिनींना माझे सांगणे असे. कन्येची पात्रता दुसऱ्या एका नेत्रतज्ज्ञाकडूनही तपासून घ्यावी. दोघांची मापे व मते जुळली, पडदा सुदृढ निघाला आणि तिचे मन ठाम असेल, तर ॲक्रिलिक भिंगाची चौकशी करून तिने पुढे जाण्यास माझी हरकत नाही. स्थळाच्या तारखेसाठी मात्र घाई नको. आणि मापे जुळली नाहीत, तर चष्मा आनंदाने वापरावा. चालताना पावलापुढची भूमी निरखून पाहावी, वाटेतील जीव राखावा, ही आपली शिकवण. ती नीट दिसण्याचे काम चष्म्याची काच आजवर निमूटपणे करीत आली आहे.