चूक इंग्रजीत, विस्मरण मराठीचे

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत एक प्रश्नप्रकार हमखास आढळतो. एका वाक्याचे काही तुकडे केलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे, हे उमेदवाराने ओळखायचे असते. बँकेची परीक्षा असो वा कर्मचारी निवड आयोगाची, या चार-सहा गुणांपायी ग्रामीण भागातील कितीतरी हुशार मुलांची उमेद खचते. शिकवणी वर्ग त्यांच्या हाती शंभर-दीडशे नियमांची यादी देतात आणि सांगतात, ‘पाठ करा!’ का, कशासाठी, हे विचारायचे नाही. ज्या देशात पाणिनीने भाषेचे शास्त्र घडवले, त्या देशातील मुलांना व्याकरण म्हणजे घोकंपट्टी असे वाटावे, यापरती आत्मविस्मृती कोणती?

मराठी माणसाच्या इंग्रजीतील चुका नीट तपासल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. या चुका अडाणीपणाच्या नसतात. त्यांतील पुष्कळशा चुकांमागे मराठीचे व्याकरण उभे असते. मराठीत एखाद्या विषयावर वा विषयासंबंधी चर्चा होते. म्हणून विद्यार्थी ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत ते क्रियापद थेट कर्म घेते. मराठीत लग्न एखाद्याशी होते. म्हणून ‘मॅरीड विथ’ येते, जिथे ‘टू’ हवे. ‘जरी’ आल्यावर ‘तरी’ आलेच पाहिजे, ही मराठीची शिस्त. म्हणून ‘ऑलदो’नंतर ‘बट’ येते. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोहोंना मराठीत एकच ‘पासून’ पुरते. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ वापरते. ‘परत येणे’ या प्रयोगातून ‘रिटर्न बॅक’ जन्मते. ज्याला हा फरक एकदा मराठीतून उमगला, त्याला यादी पाठ करावी लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कित्येक चुका मराठी विसरल्यामुळे होतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही परीक्षकांची लाडकी चूक. पण कोणता मराठी मुलगा ‘माझ्या मित्रापैकी एक’ म्हणेल? तो ‘मित्रांपैकी’च म्हणणार. ‘पैकी’ अनेकवचन मागते, हे त्याच्या जिभेला ठाऊक आहे. ‘फ्रेंड्स’ का, हे त्याला कोणी सांगितलेले नाही इतकेच. ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणारा विद्यार्थी ‘तीन माहित्या मिळाल्या’ असे कधी बोलत नाही. ‘अ’ आणि ‘अॅन’ यांचा घोळ तर देवनागरी क्षणात सोडवते. ‘अवर’ हा शब्द देवनागरीत लिहून पाहावा; आरंभी स्वर दिसतो, म्हणून ‘अॅन’. ‘युनिव्हर्सिटी’ लिहून पाहावा; आरंभी ‘य’ हे व्यंजन, म्हणून ‘अ’. रोमन लिपी जो उच्चार लपवते, तो आपली लिपी उघड करून दाखवते. घरात दिवा असताना शेजाऱ्याच्या दारी अंधारात चाचपडण्याचा हा प्रकार आहे.

हे शिकवले का जात नाही? कारण इंग्रजी शिकवताना मराठीचा शब्द उच्चारणे म्हणजे मागासलेपणा, ही समजूत. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले टिपण सादर केले. वंशाने भारतीय पण अभिरुचीने इंग्रज असा वर्ग त्याला हवा होता. तो वर्ग आजही इंग्रजीत चुकणाऱ्याला हसतो आणि मराठीत चुकण्याची ऐट मिरवतो. ‘लोकं जमली’, ‘माझी मदत करा’ अशी वाक्ये दूरचित्रवाणीवर खुशाल ऐकू येतात. ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण हे विसरून हिंदीच्या वळणाने ‘गौप्यस्फोट’ या अर्थी तो शब्द वापरला जातो. मराठी लेखनाचे नियम अवघे अठरा. १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार ठरले. परकीय भाषेचे दीडशे नियम घोकणाऱ्यांना स्वभाषेचे अठरा जड का वाटावेत?

काही स्वाभिमानी मंडळी दुसरे टोक गाठतात. ‘परक्यांची भाषा चुकली तर काय बिघडले?’ असे ते विचारतात. हा स्वाभिमान नव्हे. ही आळसाला दिलेली सबब आहे. १८८० मध्ये पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी शाळा काढली, तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’. पुढच्याच वर्षी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ निघाला. परसत्तेशी झुंजताना तिची भाषा अचूक हवी, हे त्या पिढीने ओळखले होते. त्यांच्या इंग्रजीत न्यूनगंड नव्हता, कारण त्यांच्या मराठीत तो नव्हता.

इंग्रजीचा अवाजवी धाकही टाकून द्यावा. प्रत्यक्ष शेक्सपिअरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये दुहेरी श्रेष्ठतादर्शक रूप वापरले आहे, आजच्या परीक्षेत ते चूक ठरेल. भारतात रुळलेला ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे. भाषेचे नियम काळाबरोबर बदलतात. परीक्षेपुरते प्रचलित नियम पाळावेत. त्यांच्यापुढे लोटांगण घालण्याचे कारण नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत कल चाचणी आणली. भारतीय भाषांतील उमेदवारांनी २०१४ मध्ये आंदोलन केले, तेव्हा त्यातील इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत न धरण्याचा निर्णय झाला. २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. संघटित आग्रहाने अन्याय दूर होतो, हा त्याचा धडा. परंतु आंदोलनाने दार उघडते. आत चालून जाण्याचे बळ अभ्यासच देतो.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता या दोहोंची सांगड शाळेच्या फळ्यावर घातली गेली पाहिजे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठीतून इंग्रजी शिकवून पिढ्या घडवल्या. तीच वाट आजच्या गरजेनुसार पुन्हा रुळवावी. शिक्षकाने ‘चूक’ अशी लाल रेघ मारण्याआधी ‘मराठीत हे कसे म्हणशील?’ असे विचारावे. पालकांनीही मुलांच्या गृहपाठात हाच प्रश्न विचारावा. त्याला शुल्क पडत नाही आणि परवानगीही लागत नाही.

इंग्रजी वाक्यातील चूक ओळखणे हे कौशल्य आहे. ते जरूर मिळवावे. मात्र स्वभाषेच्या विस्मरणाची चूक ज्यांना अजून ओळखता आलेली नाही, त्यांनी इतरांच्या इंग्रजीला हसण्याचा अधिकार केव्हाच गमावला आहे.