विश्लेषण : वाळवंटातल्या तलावावरची होडीची सहल पाण्याच्या एका आकड्यावर का अडते?

अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवरचा लेक पॉवेल हा कौटुंबिक सहलींचा आवडता तलाव. गाडीमागे शिडाची होडी जोडून आणायची, पाण्यात उतरवायची आणि लाल खडकांच्या घळींमधून फिरत रोज नव्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा. मात्र आता निघण्यापूर्वी हवामानाइतकीच तलावाची पातळीही पाहावी लागते. सात राज्यांचा पाणीतंटाही याच आकड्याभोवती फिरतो आहे.

तलाव तयार कसा झाला?

कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. तलाव प्रथम पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. भरल्यावर त्याची लांबी सुमारे ३०० किलोमीटर आणि साठा हजार टीएमसीहून अधिक, म्हणजे कोयनेच्या जवळपास दहापट. पाणी बाजूच्या शेकडो अरुंद घळींमध्येही शिरले आणि त्यातूनच मुक्कामाच्या एकांत जागा तयार झाल्या.

पातळी घसरली की सहलीचे काय होते?

भरलेल्या तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून ३७०० फूट. एप्रिल २०२३ मध्ये ती ३५२० फुटांच्या आसपास, म्हणजे नीचांकाला पोहोचली आणि साठा पाव भागाहूनही कमी उरला. होड्या उतरवण्याचे काँक्रीटचे अनेक उतार त्या काळात पाण्यापासून दूर कोरडे पडले. वाहवीप मरिनाजवळ ‘कॅसल रॉक कट’ ही जवळची वाट आहे. पातळी साधारण ३५८० फुटांखाली गेली की ती बंद होते आणि सुमारे २० किलोमीटरचा वळसा पडतो. मोटरबोटीला तो अर्ध्या तासाचा; शिडाच्या होडीचा त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. शिवाय घळीत वारा भिंतींवर आपटून दिशा बदलतो, कधी पडतोच. म्हणून शिडाच्या होडीलाही छोटे इंजिन लागते आणि इंधन जवळ बाळगावे लागते, कारण तलावाच्या मध्यावरचा डँगलिंग रोप हा इंधनथांबा २०२१ पासून बंद आहे.

पूर्वी खोल पाण्याखाली असलेले खडक आता होडीच्या तळाला लागू शकतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये वळवासारखा पाऊस कोसळतो आणि अरुंद घळीतून अचानक लोंढा येतो. त्यामुळे किनारा कितीही मोहक दिसला तरी घळीच्या तोंडाशी तंबू नको.

पाणी कमी का झाले?

पाऊस कमी पडला, हे उत्तर अर्धेच. १९२२ च्या करारात नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी पाणी वाटून दिले गेले. हा हिशेब तुलनेने ओल्या वर्षांचा होता. १९४४ मध्ये त्यात मेक्सिकोच्या ६५ टीएमसीची भर पडली. २००० नंतरच्या दुष्काळात आणि वाढत्या तापमानात नदीत एवढे पाणी येतच नाही. कागदावरचे वाटप मात्र तेच.

यापुढचा धोका कोणता?

पातळी ३४९० फुटांखाली गेली की वीजनिर्मिती थांबते. ३३७० फुटांवर पाणी धरणापलीकडे सोडताच येत नाही. या नदीवर सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. २००७ मध्ये ठरलेले पाणी सोडण्याचे नियम २०२६ अखेर संपतात. वरची चार राज्ये म्हणतात, बर्फ कमी पडला की आमची कपात आपोआप होते. खालच्या तीन राज्यांचा आग्रह आहे की तुटवड्याचा भार सर्वांनी उचलावा. ११ नोव्हेंबर २०२५ ची मुदत एकमत न होताच टळली.

२०२२-२३ च्या हिवाळ्यातील विक्रमी बर्फामुळे तलाव काही महिन्यांत ६० फुटांहून अधिक वर आला होता. त्या उन्हाळ्यात बंद पडलेले काही उतार पुन्हा खुले झाले आणि होड्या परतल्या. कराराचा आकडा तेव्हाही तसाच होता.