गीझर न्हाणीघराबाहेरच हवा

थंडी सुरू झाली की आमच्या घरात फजरच्या वुजूपासून गरम पाण्यासाठी रांग लागते. तीन वर्षांपूर्वी आम्ही गॅसचा गीझर घेतला. विजेचं बिल वाचेल, एवढाच विचार. बसवणाऱ्याने विचारलं, "कुठं लावू?" मी म्हटलं, "आतच, नळाजवळ." त्याने लावला आणि तो गेला. हवेचा विचार ना त्याने केला, ना मी. न्हाणीघराला एक छोटी खिडकी होती. समोरच्या इमारतीतून दिसू नये आणि गार वारा येऊ नये, म्हणून मीच ती प्लास्टिक लावून बंद केली होती.

गेल्या हिवाळ्यात माझी मधली मुलगी आठवडाभर सांगत होती, "अम्मी, आंघोळ करून आलं की डोकं दुखतं, मळमळतं." मी म्हटलं, "रात्री जागतेस, सकाळी उपाशी राहतेस, दुसरं काय होणार!" त्या जुम्याला सगळ्यांच्या आंघोळी एकामागून एक झाल्या. तिचा नंबर शेवटचा. पंधरा मिनिटं झाली, पाणी चालू, हाकेला उत्तर नाही. यांनी धक्का देऊन कडी तोडली. पोरगी फरशीवर पडलेली होती. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "मिरगी असेल, कांदा हुंगवा." आम्ही तिला गॅलरीत मोकळ्या हवेत नेलं, मग इस्पितळात. तिथे ऑक्सिजन लावला आणि अल्लाहच्या मेहेरबानीने ती वाचली.

"पण डॉक्टर, गॅसचा वास तर आलाच नाही," मी म्हणाले. तिथेच माझी चूक होती. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. पण तो गॅस जळताना हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, पायातलं बळ जातं. कडी काढायचीही ताकद उरत नाही.

मी भाषा शिकवते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला हिशेब मांडून दाखवला. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात, आठ फूट उंची धरली तरी, जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. म्हणजे एकाच आंघोळीत एक तृतीयांश हवेतला ऑक्सिजन संपू शकतो. ईदच्या किंवा लग्नाच्या सकाळी पाच जण पाठोपाठ आंघोळ करतात, तेव्हा शेवटच्याच्या वाट्याला काय उरतं?

म्हणून भगिनींनो, गॅसचा गीझर न्हाणीघरात लावूच नका. उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावा आणि पाणी पाइपने आत घ्या. आम्ही तेच केलं. प्लंबरचा खर्च आला, पण तो इस्पितळाच्या एका रात्रीपेक्षा कमीच होता. ज्यांना हे लगेच जमणार नाही, त्यांनी आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडं ठेवावं, मगच आंघोळीला जावं. खिडकी बुजवू नका. पडदा हवा असेल तर झडपांची काच लावा. नजर अडते, हवा अडत नाही. एक्झॉस्ट पंखा असला, तरी दाराखालून ताजी हवा आत यायला फट हवी, नाहीतर पंखा फिरूनही उपयोग नाही.

गीझर आयएसआय चिन्हाचाच घ्या. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर वापर थांबवून मेकॅनिकला बोलवा. वर्षातून एकदा सफाई तर हवीच. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदला. गॅसगळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे.

आणि कुणी आत बेशुद्ध पडलंच, तर आधी दार-खिडक्या उघडा, गीझर बंद करा, माणसाला बाहेर आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, तोंडात पाणी घालू नका. डॉक्टरांना "गॅसचा गीझर चालू होता" हे सर्वांत आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र अशा वेळी आकडा ठीकच दाखवतं, त्याने फसगत होते.

मुलगी आता ठणठणीत आहे. पण "डोकं दुखतं" हे तिचं आठवडाभराचं सांगणं मी ऐकलं नाही, ही टोचणी जात नाही. तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. आज घरी गेल्यावर तुमच्या न्हाणीघराची खिडकी एकदा उघडून बघा. अल्लाह सर्वांच्या लेकरांची हिफाजत करो. आमीन.